विद्यार्थी, मद्य आणि मनाचें दुखणें

राम गणेश गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून मद्यपानाविषयीं मराठी मनुष्य जें कांहीं बोलतो त्यावर त्या नाटकाची छाया पडलेली असते. नाटकाचें तात्पर्य म्हणून लोकांच्या तोंडीं बसलें तें एवढेंच कीं, पहिला प्याला घेऊं नये. त्या तात्पर्याच्या घाईंत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेंतून निसटली. सुधाकर पहिला प्याला घेतो तो चैनीखातर नव्हे. भर कोर्टांत अपमान झालेला, सनद कांहीं काळापुरती गेलेली, मनाची आग कशानेंहि विझत नाहीं, अशा वेळीं तळीराम त्याच्यापुढें दारू ठेवतो ती औषध म्हणून. गडकऱ्यांनीं दुखणीं दोन दाखविलीं होतीं. प्रेक्षकांनीं एकच पाहिलें.

हें केवळ आपल्याच प्रेक्षकांचें झालें असें नाहीं. मनाचीं बहुतेक मोठीं दुखणीं पंचविशीच्या आंत डोकें वर काढतात, आणि मद्याची ओळखहि बहुधा त्याच वयांत होते. या दोहोंची गांठ कशी पडते आणि ती सोडवितां येते कीं नाहीं, याचा सर्वांत तपशीलवार शोध अमेरिकेंतील कॉलेजांत घेतला गेला. तो इतिहास येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आपल्याकडील पुष्कळ मुलें त्याच कॉलेजांत शिकावयास जातात, हें त्याचें एक कारण. दुसरें कारण गोव्याशीं संबद्ध असून तें पुढें ओघानें येईलच.

अमेरिकेंत मद्याविरुद्ध आवाज उठविणारा पहिला मोठा मनुष्य वैद्य होता. बेंजामिन रश हा फिलाडेल्फियाचा डॉक्टर, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारांपैकीं एक. १७८४ सालीं त्यानें कडक मद्याच्या परिणामांविषयीं पुस्तिका लिहिली आणि मद्याचें व्यसन हा एक रोग आहे असें प्रतिपादन केलें. पुढें १८१२ सालीं त्याच गृहस्थानें मनाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. एकाच लेखणीनें दोन्ही विषय हाताळले होते. त्यानंतर त्यांची जी फारकत झाली ती दीडशें वर्षें टिकली. कारण १८२६ सालीं बोस्टन येथें मद्यनिषेधाची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि हा प्रश्न वैद्याच्या हातून धर्मोपदेशकाच्या हातीं गेला. उपदेशकाला ‘किती’ आणि ‘कां’ या दोन प्रश्नांची गरज लागत नाहीं. ‘पितोस कीं नाहीं’ एवढा एकच प्रश्न त्याला पुरतो.

उपदेशकापाठोपाठ शाळामास्तर आला. स्त्रियांच्या मद्यनिषेध संघाच्या मेरी हंट या बाईंनीं खटपट करून शाळांत मद्यविरोधी शिक्षण कायद्यानें सक्तीचें करविलें. १८८२ सालीं व्हर्माँट राज्यानें आरंभ केला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सर्व राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. त्या क्रमिक पुस्तकांतून मद्य म्हणजे केवळ विष, त्याचा थेंब म्हणजे नाशाचा आरंभ, असें मुलांस शिकविलें जाई. १९०३ सालीं कांहीं नामवंत शास्त्रज्ञांनीं व विद्वानांनीं या पुस्तकांची छाननी करून तीं अतिशयोक्तीनें भरलेलीं असल्याचें सांगितलें, तेव्हां बाईसाहेबांस फार राग आला. राग येणें स्वाभाविक होतें. त्यांचा हेतु शुद्ध होता. पण ज्या मुलानें वर्गांत ऐकलेलें विष घरीं बापाच्या हातांत पाहिलें आणि बाप दुसऱ्या दिवशीं ठणठणीत उठलेला पाहिला, तें मूल मास्तरांच्या पुढच्या शब्दावर कितपत विश्वास ठेवील, याचा विचार त्या पुस्तकांत नव्हता.

मग सरकार आलें. १९२० च्या जानेवारीपासून १९३३ च्या डिसेंबरपर्यंत सबंध देशांत मद्यबंदी होती. तिचा इतिहास सर्वश्रुत आहे व तो येथें उगाळण्याचें कारण नाहीं. कॉलेजापुरतें इतकेंच सांगतों कीं, खिशांत चपटी बाटली बाळगणें ही त्या काळच्या तरुणाची एक ऐट होऊन बसली होती.

बंदी उठल्यावर प्रथमच कोणास तरी वाटलें कीं, विद्यार्थी खरोखर किती पितात हें त्यांनाच विचारून पाहावें. येल विद्यापीठांतील रॉबर्ट स्ट्राउस व सेल्डन बेकन या दोघां समाजशास्त्रज्ञांनीं २७ कॉलेजांतील सुमारें सोळा हजार विद्यार्थ्यांस प्रश्नावली दिली आणि १९५३ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पिणारांचें प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास निघालें. पण त्याहून महत्त्वाचें असें कीं, पिणारांपैकीं पुष्कळांनीं कॉलेजांत पाऊल टाकण्यापूर्वींच आरंभ केलेला होता. कॉलेजानें मुलें बिघडविलीं, ही पालकांची समजूत त्या आंकड्यांनीं बरीचशी ढिली केली. ग्रंथाची वाहवा झाली आणि तो कपाटांत गेला. पुढच्या तीस वर्षांत कॉलेजें विद्यार्थ्यांस दंड करीत राहिलीं, आणि सरकार वयाची अट कधीं सैल तर कधीं घट्ट करीत राहिलें. १९८४ च्या कायद्यानें एकवीस वर्षांखालील तरुणांस मद्य विकत घेऊं देणाऱ्या राज्यांस रस्त्यांसाठीं मिळणाऱ्या केंद्रीय पैशांत कपात ठरली, आणि १९८८ पर्यंत सर्वांनीं मान तुकविली. या कायद्यानें तरुणांचे मोटारींचे अपघाती मृत्यु कमी झाले हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. परंतु वसतिगृहाच्या बंद दाराआड काय चालतें, तें त्यानें बदललें नाहीं. १९९३ सालीं हार्वर्डच्या हेन्री वेक्स्लर यांनीं १४० कॉलेजांतील १७,५९२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. पुरुषांनीं एका बैठकींत पांच व स्त्रियांनीं चार पेले घेणें ही त्यांनीं अतिरेकाची रेषा धरिली होती. मागच्या दोन आठवड्यांत ती रेषा ओलांडणारे विद्यार्थी शंभरांत चव्वेचाळीस निघाले.

या आंकड्यानें देश हादरला आणि पुष्कळ ठिकाणीं पुन्हा दंड वाढले. आम्हांस मात्र त्याच काळांतील दुसरी हालचाल अधिक मोलाची वाटते. तिचा उगम कॉलेजांत नसून लंडनच्या एका इस्पितळांत आहे. १९७७ सालीं ग्रिफिथ एडवर्ड्स व जिम ऑर्फर्ड यांनीं एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मद्याच्या आहारीं गेलेल्या शंभर विवाहित पुरुषांचे त्यांनीं दोन गट केले होते. एका गटास इस्पितळाचे सर्व उपचार मिळाले. दुसऱ्या गटांतील नवराबायकोस एकत्र बसवून एकदां मोकळेपणानें सल्ला दिला आणि घरीं पाठविलें. वर्षानंतर पाहतां दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसेना. उपचार करणारांस ही बातमी मानहानीची वाटली. पण तिची दुसरी बाजू अशी कीं, एका सरळ संभाषणांत एवढें बळ असूं शकतें.

तें संभाषण करावें कसें, याचें उत्तर नॉर्वेंत मिळालें, आणि तें मिळाल्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८२ सालीं बर्गेनजवळच्या एका व्यसनमुक्ति-केंद्रांत कांहीं महिने राहिले होते. तेथील तरुण मानसशास्त्रज्ञांपुढें ते रोग्याशीं कसें बोलतात याचें प्रात्यक्षिक करूं लागले, तेव्हां ऐकणारे त्यांस मध्येंच अडवीत: हाच प्रश्न कां विचारलात, दुसरा कां नाहीं? रोगी एवढें बोलला, त्यांतलें नेमकें हेंच वाक्य उचलून त्याला परत कां ऐकविलेंत? उत्तरें देतां देतां मिलर यांस कळलें कीं, आपण कांहीं नियम पाळतों व ते आपणांसच आजवर ठाऊक नव्हते. रोग्याशीं वाद घालावयाचा नाहीं. बदलाचीं कारणें आपण सांगावयाचीं नाहींत, त्याच्या तोंडून येऊं द्यावयाचीं. निर्णय त्याचा त्यालाच करूं द्यावयाचा. हे नियम त्यांनीं १९८३ सालीं लिहून काढले. शिष्यांनीं गुरूस अडविण्याची चाल आपल्या पाठशाळांतहि एके काळीं होती. ती गेली ही आमची एक जुनी तक्रार आहे. असो.

आतां सिॲटलकडे वळूं. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठांत ॲलन मार्लट नांवाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९७३ सालीं त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कांहींजणांस व्होडका मिसळलेलें टॉनिक दिलें, कांहींस नुसतें टॉनिक. परंतु प्रत्येक गटांतील अर्ध्यांस खरें सांगितलें आणि अर्ध्यांस उलट. चव पारखण्याच्या मिषानें कोण किती पितो तें मोजलें. आपण मद्य पीत आहों असें ज्यांस वाटलें ते अधिक प्याले, मग पेल्यांत मद्य असो वा नसो. पुढें त्या विद्यापीठांत मद्यगृहासारखी सजविलेली एक खोलीच तयार झाली, आणि विद्यार्थ्यांस तेथें बसवून असलेच प्रयोग होऊं लागले. नुसत्या टॉनिकावर मुलें मोठ्यानें हंसत, मोकळीं होत, धीट होत. ज्याला ते मद्याचा गुण समजत त्यांतला बराचसा भाग त्यांच्या समजुतीचा होता.

भिडस्त मुलाच्या दृष्टीनें हा शोध लहान नव्हे. चारचौघांत तोंड उघडण्यास पेला लागतो अशी ज्याची खात्री झालेली असते, त्याच्या हातांतून पेला काढून घेतला तर तो मुका होतो. ती खात्रीच तपासून पाहिली तर कदाचित् बोलतो.

याला १९८६ सालीं आणखी एका निरीक्षणाची जोड मिळाली. वेस्ली पर्किन्स व ॲलन बर्कोविट्झ यांस आढळलें कीं, आपले सोबती किती पितात याचा अंदाज करतांना विद्यार्थी तो वाढवून करतात. प्रत्येकास वाटतें, सगळे पितात, आपणच मागें आहों. ओरडणारा एक प्यालेला मुलगा सबंध मजल्याच्या लक्षांत राहतो. खोलींत अभ्यास करीत बसलेलीं वीस मुलें कोणाच्या लक्षांत राहणार? विद्यार्थी त्या खोट्या सरासरीच्या मागें धांवतात.

मार्लट व त्यांच्या मंडळींनीं प्रथम कित्येक आठवड्यांचे वर्ग चालविले. नंतर त्यांस दिसून आलें कीं, तासाभराच्या एका खासगी मुलाखतीनें जवळजवळ तेंच काम होतें. १९९० च्या सुमारास त्यांनीं कॉलेजांत नुकतेच दाखल झालेले, आणि आधींच अतिरेकाकडे झुकलेले ३४८ विद्यार्थी निवडले. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन भाग केले, आणि एका भागांतील प्रत्येकास ही मुलाखत दिली. तींत उपदेश नव्हता. विद्यार्थ्यानें स्वतःच भरलेल्या नोंदीवरून त्याला दाखवीत: तुझें पिणें एवढें, तुझ्या सोबत्यांचें खरें प्रमाण एवढें, इतक्या वेळांत इतके पेले घेतल्यास रक्तांत मद्य एवढें चढतें, मद्यापासून तुझ्या अपेक्षा या, आणि त्यांतल्या खऱ्या ठरतात त्या इतक्याच. पुढें काय करावयाचें तें तोच ठरवी. सर्वस्वीं सोडणें हा एक मार्ग होता, कमी करणें हा दुसरा, आणि दोन्ही मार्गांस मदत मिळे. दोन वर्षांनंतरहि मुलाखत मिळालेले विद्यार्थी इतरांपेक्षां कमी पीत होते व त्यांच्यावर संकटें कमी येत होतीं. हा निष्कर्ष १९९८ सालीं छापून आला. दुसऱ्या वर्षीं ‘बेसिक्स’ या नांवानें त्याची पद्धति पुस्तकरूपानें निघाली आणि अमेरिकेंतील अनेक कॉलेजांनीं ती उचलली. कट्टर मद्यनिषेधवाद्यांनीं मार्लट यांस पुष्कळ बोल लाविला. कमी पिण्यास मदत करणें म्हणजे पिण्यास परवानगी देणें, असा त्यांचा आक्षेप. आम्हीहि तो आक्षेप एके काळीं घेतला असता. पण ज्याला सोडावयाचेंच नाहीं त्याला त्यांच्याजवळ देण्यासारखें काय होतें, याचें उत्तर त्यांच्या लिखाणांत आम्हांस सांपडत नाहीं.

येथवर मनाच्या दुखण्याचें नांव आलें नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. इतिहासांतहि तें इतक्याच उशिरानें आलें. १९९४ सालीं लिन कूपर यांनीं तरुणांच्या पिण्याचे चार हेतु वेगळे करून मोजण्याची रीत बसविली: मौज वाढावी म्हणून, मंडळींत मिसळतां यावें म्हणून, मंडळींनीं वगळूं नये म्हणून, आणि दुःख विसरावें म्हणून. पहिल्या दोन हेतूंनीं पिणारांचें नुकसान बहुतांशीं ते किती पितात यावर अवलंबून असतें. चौथ्याची गोष्ट निराळी. दुःख विसरण्यासाठीं पिणाराचें नुकसान त्याच्या पेल्यांच्या हिशेबाहून जास्त भरतें. पुढील अनेक पाहण्यांत हेंच दिसून आलें. उदास किंवा लोकांस भिणारा विद्यार्थी पुष्कळदां इतरांहून अधिक पीतहि नाहीं; तो मेजवान्यांस जात नाहीं, म्हणून कधीं कधीं कमीच पितो. तरी भांडणें, बुडालेले वर्ग, लाजिरवाणी सकाळ, स्वतःस केलेली इजा हीं त्याच्याच वाट्यास अधिक येतात.

असें कां व्हावें? मद्य घटकाभर भीति दाबतें, पण झोंप मोडतें, आणि उतरल्यावर तीच भीति व्याजासह परत करतें. एकटें पिणारास थांबविणारें कोणी नसतें. शिवाय ज्याला दुःख झांकण्याची एकच युक्ति येते तो दुसरी शिकत नाहीं. झोंपेच्या किंवा मन शांत करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या जोडीला मद्य हें श्वासावर बेतूं शकतें, ही गोष्ट डॉक्टर सांगतात; पण आपण पितों हें रोग्यानें डॉक्टरास सांगितलेलेंच नसतें.

याचा परिणाम उपचारावरहि होतो. ज्याचें दुखणें सरासरीच्या चुकीच्या अंदाजांत आहे त्याला खरी सरासरी दाखविली कीं पुरतें. ज्याचें दुखणें मनांत आहे तो ती सरासरी पाहून मान हालवितो आणि रात्रीं पुन्हा बाटली काढतो. सामाजिक भयानें पछाडलेल्या विद्यार्थ्यांस साध्या मुलाखतीचा लाभ कमी होतो असें कांहीं प्रयोगांत दिसलें. सर्व प्रयोगांत नव्हे. उलट पेले मोजणें, दोन पेल्यांमध्यें पाणी घेणें, घरीं कसें जावयाचें तें आधींच ठरविणें, असल्या किरकोळ दिसणाऱ्या खबरदाऱ्या मनानें खचलेल्या मुलांस इतरांपेक्षांहि अधिक उपयोगीं पडतात, असें कांहीं पाहण्यांवरून दिसतें. उदासीवरील सल्ला आणि मद्यावरील सल्ला एकत्र गुंफण्याचे प्रयत्नहि चालू आहेत. त्यांचें यश आजवर माफक आहे आणि तें फुगवून सांगण्यांत अर्थ नाहीं. ज्याचें शरीरच मद्याला बांधलें गेलें आहे, न मिळाल्यास हात कांपतात, त्याच्यासाठीं तर हा तासाभराचा मार्ग मुळींच नाहीं. त्याला इस्पितळच पाहिजे.

आमच्या वसतिगृहांत एक मुलगा होता. गणितांत हुशार, बोलणें थोडें. परीक्षेंत एकदां नापास झाल्यापासून तो रात्रीं दार लावून पीत असे हें सर्व मजल्यास ठाऊक होतें. एके रात्रीं तो जिन्यांत पडला आणि बाटली फुटली. दुसऱ्या दिवशीं त्याच्या वडिलांस तार गेली, दोन दिवसांनीं ते आले, आणि मुलाची वळकटी घेऊन दोघेहि खालमानेनें निघून गेले. रेक्टरांनीं नियमाप्रमाणें केलें. त्याला काय होतें आहे असें त्यांनीं विचारलें नाहीं, हा दोष त्यांच्या एकट्याचा नव्हे. समोरच्या खोलींत राहून आम्हींहि विचारलें नव्हतें. पुढें त्याचें काय झालें तें आम्हांस कधीं कळलें नाहीं.

दंडाची भीति काय करते हें कॉर्नेल विद्यापीठानें मोजून पाहिलें आहे. मित्र बेशुद्ध पडला तरी पोलिस येतील, नांव जाईल, या धास्तीनें मुलें रुग्णवाहिका बोलावीत नाहींत असें तेथें दिसून आलें. तेव्हां २००२ सालीं विद्यापीठानें नियम केला कीं, मदत मागणारास व ज्याच्यासाठीं मागितली त्यास शिस्तीची शिक्षा होणार नाहीं. त्याऐवजीं त्याला वर सांगितलेल्या मुलाखतीस बोलावावें. मदतीच्या हांका वाढल्या, आणि मुलाखतीस येणारेहि वाढले. दंड माफ केल्यानें पिणें वाढेल ही भीति खरी ठरली नाहीं.

महाराष्ट्रांत १९४९ च्या मद्यबंदी कायद्याची चौकट अद्याप उभी आहे, आणि कडक मद्यास पंचवीस वर्षांची अट आहे. ही अट असावी कीं नसावी या वादांत आम्ही शिरत नाहीं. पण तिचा एक परिणाम डोळ्यांआड करूं नये. बावीस वर्षांच्या ज्या विद्यार्थ्याला आपल्या पिण्याची भीति वाटूं लागली आहे, त्याला मदत मागतांना पहिलें वाक्य गुन्ह्याच्या कबुलीचें बोलावें लागतें. तें वाक्य तो प्राध्यापकाजवळ बोलत नाहीं, बापाजवळ तर नाहींच. कॉर्नेलच्या नियमासारखा नियम करण्यास कॉलेजास राज्याचा कायदा बदलावा लागत नाहीं. आपल्या शिस्तीच्या पुस्तकांत एक कलम घालावें लागतें.

आणि सल्ला देणारे कोठून आणावेत, या प्रश्नाचें उत्तर गोव्यांत शोधलें गेलें आहे. ‘संगाथ’ ही तेथील संस्था १९९६ पासून मनाच्या आरोग्याचें काम करीत आली आहे. तिच्या मंडळींनीं मिलर यांच्या रीतीवर उभारलेला सल्ल्याचा एक छोटा क्रम तयार केला आणि तो डॉक्टरांच्या हातीं न देतां शिकवून तयार केलेल्या सामान्य माणसांच्या हातीं दिला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, अपायकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर त्याची परीक्षा झाली. प्रत्येकाशीं एक ते चार बैठकी, प्रत्येक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल प्रभृतींनीं २०१७ सालीं निष्कर्ष छापला. सल्ला मिळालेल्यांपैकीं पुष्कळ अधिक जण तीन महिन्यांनीं धोक्याच्या रेषेखालीं आले होते. जे पीत राहिले त्यांच्या पिण्याच्या प्रमाणांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. परीक्षेस घेतलेले पुरुष अठरापासून पासष्ट वर्षांपर्यंतचे होते. स्त्रिया त्यांत नव्हत्या, आणि विद्यार्थी म्हणून वेगळे असे कोणी निवडलेले नव्हते.